काय झालंय ते नंतर

पिल्लू घेऊन दारात आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ह्याला काय झालंय?" रिक्षावाला असो, दप्तरात पिल्लू लपवून आणणारा शाळकरी पोरगा असो, नाहीतर आमच्या शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी असोत, प्रश्न ठरलेला. खरं सांगायचं तर त्या घटकेला उत्तर मला ठाऊक नसतं, डॉक्टरांनाही नसतं, आणि पुष्कळदा ते शेवटपर्यंत मिळत नाही. पुण्यात नोकरी सांभाळून मी बरीच वर्षं आजारी, आईवेगळी मांजराची पिल्लं घरी ठेवून घेते, बरी झाली की चांगल्या घरी देते. ह्या कामात दूध पाजणं, शी-शू काढणं हे कुणालाही पंधरवड्यात जमतं. काय झालंय हे माहीत नसताना पुढचे काही तास कसे काढायचे, हे अंगवळणी पडायला मात्र वर्षं लागतात.

पिल्लाला काहीही झालं तरी बाहेर दिसतं ते एकच. जंत झाले तरी मलूल, पिसवांनी रक्त शोषलं तरी मलूल, ताप आला तरी मलूल, नुसतं गारठलं तरी मलूल. खात नाही, कोपऱ्यात बसतं, अंगावरचे केस पिंजारतात. मोठं मांजर निदान लंगडून, ओकून, ओरडून काहीतरी सांगतं. पिल्लाकडे तेवढीही भाषा नसते. मग तपासण्या कराव्यात म्हटलं तर तिथेही अडतं. ४०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून २५ मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे चहाचे पाच चमचे. त्यातलं तपासणीला काढणार किती? आमच्या डॉक्टर बाई सुई हातात घेऊन विचारतात, "ताई, अर्धा मिलि निघेल. ह्यात सीबीसी करू की लिव्हर-किडनी बघू?" दोन्ही होणार नसतं. एक निवडायचं आणि दुसऱ्याबद्दल अंदाज बांधायचा.

बरं, काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट तरी सरळ यावा? एका लॅबमधून एकदा रात्री साडेनऊला फोन आला. पलीकडचा मुलगा घाबराघुबरा झालेला. "मॅडम, पेशंटचे प्लेटलेट्स फार खाली आहेत, लगेच ॲडमिट करा." पेशंट तेव्हा माझ्या पडद्याला लोंबकळत होता. मांजराच्या रक्तातल्या प्लेटलेट्स नळीत गेल्या की एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि मोजणाऱ्या मशीनला त्या दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, मलाही बघू दिली. जांभळट ठिपक्यांचे पुंजकेच्या पुंजके होते. प्लेटलेट्स भरपूर होत्या. तेव्हापासून मी रिपोर्टवरचे लाल बाण पिल्लाकडे बघत बघत वाचते.

म्हणून आमच्याकडे निदानाचा नंबर पहिला लागत नाही. पहिला नंबर उबेचा. निपचित पडलेलं पिल्लू हातात आलं की आणणाऱ्याला वाटतं ह्याला भूक लागली असेल, दूध पाजा. आणि तिथेच घात होतो. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सियस असतं, मोठ्या मांजराचं ३८-३९ च्या घरात. पिल्लू गार पडलं की त्याची आतडी काम करायची थांबतात. अशात पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, नाहीतर गिळता न आल्यामुळे फुफ्फुसात जातं. तेव्हा जुना टी-शर्ट, त्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि हळूहळू, तासाभराच्या बेताने, शेक. हिरड्यांवर ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब चोळायचा. अंग कोमट झालं, तोंडात बोट घातल्यावर चोखायला लागलं, की मग दूध. तेही पिल्लांसाठीचं पावडरचं, गाईम्हशीचं नव्हे. आमच्या जुन्या वाड्यातल्या आजी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय करायच्या. खोक्यात गोणपाट, वर चाळीसचा बल्ब, आणि मला दम: "आधी शेक, मग दूध. घाई करू नकोस गं." दुधाच्या बाबतीत त्यांचं आणि माझं कधी जमलं नाही, त्या गाईच्या दुधावर ठाम होत्या. पण शेकाबद्दल त्यांचा शब्द अजून मोडला नाही.

दुसरी गोष्ट काट्याची. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दिवसाला दहाएक ग्रॅमने वाढतं. रोज एकाच वेळी, दूध पाजायच्या आधी, वजन करून वहीत लिहायचं. पिल्लू वरून खेळतंय, खातंय, पण वजन कालच्याइतकंच आहे, ही बहुतेक वेळा येणाऱ्या आजाराची पहिली बातमी असते. डॉक्टरांना मी आधी ही वही दाखवते. तिच्या शेवटच्या रकान्यात डॉक्टरांचं मत लिहिलेलं असतं. अलीकडे मागची पानं चाळत बसले होते. "बहुधा व्हायरल", "जंतांचं असू शकेल", "दोन दिवस बघू", "हर्पीस की कॅलिसी, सांगता येत नाही", "औषधाला दाद दिली, म्हणजे बॅक्टेरियल असावं". ठाम शब्द फार थोडे सापडले. ह्याचा अर्थ डॉक्टर कच्चे आहेत असा कुणी काढला तर मला राग येतो. ज्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत छातीठोक निदान केलं, त्यांच्याकडे मी पुन्हा गेले नाही.

सगळ्यात फसवं दुखणं म्हणजे पॅनल्युकोपेनिया. मांजरांचा पार्व्हो म्हणा ना. एका बेकरीच्या मागे, रिकाम्या मैद्याच्या पोत्यांमध्ये तीन पिल्लं सापडली होती. बेकरीवाल्या चाचांनीच फोन केला. पिल्लं बेकरीतली, म्हणून नावं खारी, बटर आणि नानखटाई. अंगावर पिसवा इतक्या की उवांच्या बारीक फणीने विंचरलं तर दर वेळी दातांत पाच-सहा निघायच्या. हिरड्या पांढुरक्या. खारी सगळ्यात अशक्त, म्हणून आम्ही सगळ्यांनी पिसवांवर बोट ठेवलं. रक्त कमी झालंय, लोह द्या, जेवू घाला, होईल. कारण डोळ्यांसमोर होतं आणि पटण्यासारखंही होतं. दोन दिवसांनी खारीने खाणं सोडलं, पाण्याच्या वाटीवर हनुवटी टेकून बसली, पण पाणी पिईना. ही बैठक ज्याने एकदा पाहिली तो विसरत नाही. मळमळ इतकी असते की तहान लागूनही पाणी घशाखाली जात नाही.

मांजरांसाठीचं वेगळं कीट हाताशी नसलं तर कुत्र्यांच्या पार्व्होचंच कीट वापरतात. दोन्ही विषाणू एकमेकांचे सख्खे भाऊ असल्यामुळे ते चालतं. शीचा नमुना घेतला, थेंब टाकले, दहा मिनिटं त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसलो. एकच रेघ. निगेटिव्ह. पण अशी निगेटिव्ह रेघ फारसं काही सांगत नाही. विषाणू शीतून सतत सारखा बाहेर पडत नाही. नमुना लवकर किंवा उशिरा घेतला तरी तो हुकतो. उलट लस दिल्यावर काही दिवस कीट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतं. डॉक्टरांनी कीट बाजूला सारलं आणि अर्धा मिलि रक्तावर पांढऱ्या पेशी मोजायला पाठवल्या. आकडा इतका खाली होता की पुढे काही बोलायची गरज उरली नाही. खारी त्याच रात्री गेली. बटरला दुसऱ्या दिवशी जुलाब लागले आणि त्याचं कीट मात्र ठसठशीत दोन रेघांचं निघालं. एकाच पोत्यातली भावंडं, एकच विषाणू.

ह्या रोगावर नेमकं असं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, आतड्यांतले जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, आणि ऊब. सलाईन घरीच कातडीखाली द्यायला मी कधीच शिकले होते. मानेमागची कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा, सुई आडवी घालायची, सलाईन आधी अंगाइतकं कोमट करून घ्यायचं. पाठीवर पाण्याचं टेंगूळ येतं आणि तासाभरात ते घरंगळत पुढच्या पायाच्या काखेत येऊन बसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. टेंगूळ लवकर जिरलं तर शरीराला पाण्याची तहान होती असं समजायचं. संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं तर पिल्लू गारठलंय किंवा रक्ताभिसरण मंदावलंय. हीसुद्धा एक तपासणीच, फक्त तिचा रिपोर्ट येत नाही. बटर वाचला. नानखटाईला काहीच झालं नाही, निदान तेव्हा.

घर धुणं हा वेगळा अध्याय. हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो. सॅनिटायझर त्याच्यापुढे निकामी, आणि आपलं घरोघरचं फिनेल मांजरांना विषारी. ब्लीच एक भाग, पाणी तीस-बत्तीस भाग, आणि फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. खोके, चादरी, लोकरीची खेळणी सगळं गेलं. कित्येक महिने नवीन पिल्लू घरात घेतलं नाही. फोन येत राहिले आणि मी नाही म्हणत राहिले. आजारी पिल्लू सांभाळण्यापेक्षा ते मला जड गेलं.

सगळ्याच अनिश्चित गोष्टी अशा वाईट वळणाने जात नाहीत. एक पिल्लू आलं होतं, चालताना झोकांड्या खाणारं. बशीतल्या खाण्यावर डोकं नेमकं जायचं नाही, मान डुगडुगायची, पळायला लागलं की मागचा भाग पुढे निघून जायचा. कुणी म्हणालं डोक्याला मार असेल, कुणी म्हणालं कानात पू असेल, कुणाला विषबाधा वाटली. आईला पोटुशी असताना हाच पॅनल्युकोपेनियाचा विषाणू लागला की पिल्लाचा लहान मेंदू अर्धवट वाढतो आणि पिल्लू जन्मभर असं डुलत चालतं, ही आणखी एक शक्यता. एमआरआयचा खर्च आणि भूल दोन्ही नको होतं. डॉक्टर म्हणाल्या, "वेळेलाच विचारू. मेंदूचा आजार चालू असेल तर हे वाढत जाईल. जन्माचं असेल तर आहे तसंच राहील." मी दर रविवारी त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढत गेले. एकाच सतरंजीवर, एकाच बशीकडे चालत जाताना. दोन महिन्यांनी सगळे व्हिडिओ ओळीने लावून बघितले. झोकांडी तेवढीच होती, फक्त पिल्लू तिच्यासकट बशीपाशी लवकर पोचायला शिकलं होतं. आता ते एका निवृत्त जोडप्याकडे आहे. काकांनी घरभर रबरी पायपुसणी अंथरली आहेत आणि गॅलरीला जाळी लावली आहे. पिल्लाला दुखत काही नाही. फक्त उंचावर चढू द्यायचं नाही.

नानखटाई सहा-सात महिन्यांची झाली तेव्हा तिचं पोट सुटलं. आधी आम्हाला वाटलं बाळसं धरतेय. मग पाठीचा कणा हाताला लागायला लागला आणि पोट तसंच गोल. ताप चढायचा, अँटिबायोटिकने उतरायचा नाही. मांजर पाळणाऱ्या लोकांत ह्या लक्षणांनंतर एक शब्द हळू आवाजात उच्चारला जातो: एफआयपी. मांजरांमध्ये एक कोरोना विषाणू सर्रास असतो, माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही. बहुतेक मांजरांना त्याने फार तर चार दिवस जुलाब होतात. थोड्या जणांच्या अंगात तोच विषाणू बदलतो आणि प्राणघातक होतो. कधी पोटात किंवा छातीत पाणी साठतं, कधी पाणी न साठता डोळे, मेंदू, मूत्रपिंडं सुजतात. खरी अडचण अशी की कोरोनाची अँटिबॉडी तपासून काहीच कळत नाही, कारण ती कित्येक निरोगी मांजरांतही सापडते. एका तपासणीत पक्कं निदान व्हावं अशी सोय पाणी न साठणाऱ्या प्रकारात तर जवळजवळ नाहीच.

नानखटाईच्या पोटातून सुईने पाणी काढलं. पिवळंधमक, चिकट, बोटांत तार येईल असं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत शुद्ध पाणी घेतलं, त्यात ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब टाकून हलवलं आणि वर त्या पिवळ्या पाण्याचा थेंब अलगद सोडला. ह्याला रिव्हाल्टा तपासणी म्हणतात. थेंब विरघळून गेला तर एफआयपीची शक्यता फार कमी. हा थेंब विरघळला नाही. समुद्रातल्या जेलीफिशसारखा तो आपला आकार धरून तरंगत राहिला आणि मग सावकाश खाली उतरला. तरीसुद्धा ती खूण पुरेशी नव्हती, कारण पोटात पू झाला किंवा काही प्रकारचा कॅन्सर असला तरी थेंब असाच वागतो. रक्तात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनचं प्रमाण ०.४ च्या खाली आलं. वय कमी, घरात बरीच मांजरं, न उतरणारा ताप, पिवळं पाणी, तो थेंब, हे प्रमाण. एकेक खूण सुटी घेतली तर कुठलीच ठाम नाही, पण सगळ्यांची बोटं एकाच दिशेला. डॉक्टर म्हणाल्या, "शंभर टक्के म्हणून मी सांगणार नाही. पण थांबलो तर उशीर होईल. औषध सुरू करू. लागू पडलं तर तेच आपलं निदान."

काही वर्षांपूर्वी हे वाक्य कुणी उच्चारू शकलं नसतं, कारण औषधच नव्हतं. एफआयपी म्हणजे मरण, एवढंच ठाऊक होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी घरोघरच्या ३१ मांजरांवर जीएस-४४१५२४ ह्या औषधाचा प्रयोग करून तो प्रसिद्ध केला. त्यातली बहुतेक मांजरं जगली. पण औषध विकायला परवानगी नव्हती, म्हणून जगभरचे मांजरवाले लेबल नसलेल्या कुप्या चोरबाजारातून मागवून स्वतःच इंजेक्शनं देऊ लागले. मग कोविड आला. तेव्हा आपल्याकडे घराघरात ज्याचं नाव झालं ते रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर ह्याच औषधात बदलतं. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर मांजरांत एफआयपीची मोठी साथ आली, तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी आणलेला मोलनुपिराविरचा उरलेला साठा मांजरांसाठी खुला केला. रेमडेसिव्हिरसाठी माणसांच्या रांगा लागल्या होत्या त्याच शहरात मी त्याच कुळातलं औषध मांजरासाठी मोजून घेत होते, हे माझ्या मनातून अजून पुरतं गेलेलं नाही.

औषधाचा कोर्स ८४ दिवसांचा, रोज ठरल्या वेळी. डोस वजनावर, आणि वाढत्या वयाच्या मांजराचं वजन थांबत नाही, म्हणून दर आठवड्याला काटा आणि दर आठवड्याला नवा हिशेब. इंजेक्शन झोंबतं. घड्याळात आठ वाजले की नानखटाई फ्रिजमागे. पण ताप तिसऱ्या दिवशी उतरला होता, आणि पोटातलं पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरलं. बरोबर निदान झालं असं आम्ही तेव्हा म्हटलं. कोर्स संपल्यावर आणखी बारा आठवडे रोग उलटतो का ते पाहावं लागतं. तिचा उलटला नाही.

पिल्लू द्यायची वेळ आली की घेणारे विचारतात, "पूर्ण निरोगी आहे ना?" इथे गुळमुळीत हो म्हणून टाकायचा मोह होतो, कारण नाही म्हटलं की माणूस उठून जातो. विशेषतः एफआयव्हीच्या, म्हणजे मांजरांच्या एड्सच्या, चाचणीत. पिल्लाची चाचणी दोन महिन्यांच्या वयात पॉझिटिव्ह आली तर ती अँटिबॉडी आईच्या दुधातून आलेली असू शकते. सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही. तोवर "पॉझिटिव्ह" हा शिक्का त्या पिल्लावर बसलेलाच. मी आता एक कागद देते. वर जे नक्की माहीत आहे ते: लसी, जंताचं औषध, वजनाचा तक्ता. खाली जे माहीत नाही ते, त्याच आकाराच्या अक्षरांत. काही लोक कागद वाचून परत गेले. जे राहिले त्यांच्याकडचं एकही पिल्लू आजवर परत आलेलं नाही.

अंदाजाने काम करायचं म्हणजे मनाला येईल ते द्यायचं, असा मात्र समज नको. घरात लहान मुलासाठी आणलेलं तापाचं पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि रक्त प्राणवायू वाहायचं थांबवतं. कुत्र्याच्या मानेवर लावायचं पिसवांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका. डॉक्सीसायक्लिनची कोरडी गोळी घशात अडकून अन्ननलिका भाजते, म्हणून मागून सिरिंजने थोडं पाणी पाजा. आणि पिल्लू चावलं, ओरखडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठा. रेबीजच्या बाबतीत बघू, थांबू, अंदाज करू असलं काही चालत नाही.

पावसाळा तोंडावर आला की गाडीच्या बॉनेटखाली, पंपरूममध्ये, जिन्याखाली पिल्लं दिसायला लागतात. सापडलं तर लगेच उचलू नका, तासभर लांबून बघा, आई जवळपास असते. आई आलीच नाही, किंवा पिल्लू गार पडलेलं असलं, तर आधी ऊब द्या, मग वजन करा, आणि दवाखान्यात जाताना डबीत शीचा ताजा नमुना घेऊन जा. आई सापडली तर पिल्लांचं दूध सुटल्यावर तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. बेकरीवाल्या चाचांनी त्या भाटीचं करून घेतलं. त्यानंतर त्या पोत्यांमधून मला फोन आलेला नाही.